प्राथमिक शाळेंतील पाटी : धूळपाटीपासून टॅबपर्यंत

महाराष्ट्रांतील प्राथमिक शाळांतून गेल्या दहाबारा वर्षांत टॅब व मोबाईल हीं साधनें शिरलीं आहेत. त्यांच्या लाभहानीविषयीं पुष्कळ लिहिलें जातें. परंतु तें बहुधा शाळाखात्याच्या, विक्रेत्याच्या अथवा चिंतातुर पालकाच्या दृष्टीनें लिहिलेलें असतें. इतिहासदृष्ट्या या विषयाचा विचार झालेला आमच्या फारसा पाहण्यांत नाहीं. वादांत दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, असें साधन मुलाच्या हातीं पूर्वीं कधींच आलें नव्हतें. दुसरा म्हणतो, आमची जुनी देशी पाटीच बरी होती, ही परकी कांच कशाला? हे दोन्ही पक्ष इतिहासाच्या कसोटीस उतरत नाहींत असें आमचें मत आहे, आणि तें कां, हें दाखविण्यासाठीं प्रस्तुत लेख लिहिला आहे. इंग्रजी 'टॅब्लेट' या शब्दाचा मूळ अर्थ लहानशी फळी अथवा पाटी असाच आहे. म्हणजे नांवापुरतें तरी पाटीनें पाटीलाच हटविलें. पण पाटी म्हणजे कोणती पाटी, हा खरा प्रश्न आहे.

लिहिण्याच्या फळीचे उल्लेख या देशांत फार जुने आहेत. 'ललितविस्तर' या बौद्ध ग्रंथांत बाल सिद्धार्थ लिपिशाळेंत जातो तेव्हां त्याच्या हातीं चंदनाची फळी आहे. वर्णन राजपुत्राचें, म्हणून चंदन. सामान्य मुलाची फळी साध्या लाकडाची असणार हें उघड आहे. अल्बेरूनीनें इ. स. १०३० च्या सुमारास हिंदुस्थानाविषयीं जो ग्रंथ लिहिला त्यांत येथील शाळांतील मुलें काळ्या फळ्या वापरतात आणि त्यांवर लांबीच्या बाजूनें, पांढऱ्या द्रव्यानें, डावीकडून उजवीकडे लिहितात असें नमूद केलें आहे. परक्या प्रवाशाला ही गोष्ट टिपून ठेवावीशी वाटली. घरच्या लेखकांस ती इतकी ओळखीची होती कीं लिहिण्याजोगी वाटली नाहीं. इतिहासाचीं साधनें हीं अशीं अनोळखी डोळ्यांनींच पुष्कळदां राखिलीं आहेत.

गणितशास्त्राला तर पाटीनें आपलें नांवच दिलें. श्रीधराचार्याचा 'पाटीगणित' हा ग्रंथ विश्रुत आहे, आणि भास्कराचार्यानेंही 'लीलावती'च्या आरंभीं आपल्या विषयास पाटी हाच शब्द योजिला आहे. अंकगणिताचें दुसरें नांव धूलिकर्म. कारण फळीवर अथवा भुईवर धूळ पसरून तींत आंकडे मांडीत, पुसत व पुन्हां मांडीत. अरबांनीं आमचे अंक घेतले तेव्हां त्यांच्या पश्चिमेकडील वळणाला 'गुबार' म्हणजे धूळ हेंच नांव पडलें. चाळीसगांवजवळील पाटण येथें शके ११२८ चा एक शिलालेख आहे. तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं उजेडांत आणिला. भास्कराचार्याचा नातू चंगदेव यानें आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं मठ स्थापिला व निकुंभ राजांनीं त्यास वृत्ति दिली, हा त्याचा आशय. शिक्षणसंस्थेला लागलेल्या दानाचा असा दगडी पुरावा मराठी मुलखांत विरळा. त्या मठांतील विद्यार्थ्यांनीं धुळींत मांडलेलें एकही गणित मात्र उरलेलें नाहीं.

गांवठी शाळेची रीत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभींच्या इंग्रजी कागदांवरून व जुन्या लोकांच्या आठवणींवरून चांगली समजते. पंतोजीचें घर, देवळाची ओवरी किंवा एखाद्या सावकाराचा ओटा हीच शाळा. लाकडी फळीवर बारीक धूळ किंवा विटकरीची भुकटी पसरावयाची, पंतोजीनें अथवा एखाद्या वडील मुलानें तींत अक्षर काढून द्यावयाचें, आणि नव्या मुलानें तें बोटानें किंवा काडीनें गिरवावयाचें. फळी हालविली कीं ती पुन्हां कोरी. हात बसला म्हणजे मग बोरू, शाई व कागद. मोडीचें वळण, कित्ते, पत्रांचे मायने. सायंकाळीं परवचा : पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवाई, दीडकी, अडीचकी, औटकी, सर्व मुलांनीं एका सुरांत. मुलाच्या हातीं पुस्तक म्हणून नव्हतेंच. श्रीसमर्थांच्या 'दासबोधां'त लेखनक्रियेवर स्वतंत्र समास आहे आणि त्यांत कागद, शाई, वळण यांचा फार बारकाईनें विचार केला आहे. पण तो धुळींतून बाहेर पडलेल्या लेखकासाठीं आहे, धुळींत बसलेल्या मुलासाठीं नव्हे.

मुंबई सरकारच्या कौन्सिलांतील सभासद जी. एल. प्रेंडरगास्ट यांनीं जून १८२१ मध्यें एक टिपण लिहिलें. आपल्या मुलखांत लहानमोठें असें क्वचितच गांव असेल कीं जेथें निदान एक शाळा नाहीं. मूठ दोन मुठी धान्यापासून महिना रुपयापर्यंत देऊन तेथें मुलें लिहिणें, वाचणें व हिशेब शिकतात. आणि आपला हिशेब स्वतः बिनचूक ठेवूं शकत नाहीं असा कुणबी किंवा लहान व्यापारी मिळणें कठीण, असें त्यांचें म्हणणें. या टिपणावर पुढें फार वाद झाला. कांहींनीं तें अतिशयोक्त मानिलें, कांहींनीं त्यावरून रामराज्य उभें केलें. आमच्या मतें दोन्हीं टोकें सोडावीं. १८२९ च्या सुमारास सरकारनें मुंबई इलाख्यांत जी गणती केली तींत सुमारे १,७०० शाळा व सुमारे ३५,००० विद्यार्थी भरले. घरोघरची शिकवणी या आंकड्यांत आलेली नाहीं, म्हणून ते कमी भरतात, असें कै. रा. वि. परुळेकर यांनीं साधार प्रतिपादिलें आहे, आणि तें आम्हांस मान्य आहे. परंतु त्याच कागदांवरून हेंही दिसतें कीं या शाळांत मुली जवळजवळ नव्हत्या आणि अस्पृश्य मानिलेल्या जातींस तेथें थारा नव्हता. धूळ फुकट होती. धुळीजवळ बसण्याचा अधिकार फुकट नव्हता.

या आंकड्यांतून एक गोष्ट सहज निघते, ती येथेंच सांगून ठेवितों, कारण तिचें काम पुढें पडणार आहे. दर शाळेस सरासरी वीसच मुलें पडत.

धूळपाटीनें लिहिणारे किती हात तयार केले याचा अंदाज करावयाचा असेल तर पुण्याच्या पेशवे दप्तराकडे पाहावें. तेथील मोडी रुमालांतील कोट्यवधि कागद ज्या कारकुनांनीं लिहिले त्या बहुतेकांचा पहिला धडा धुळींत झाला असला पाहिजे. अशा रीतीनें ज्या साधनानें इतकें लेखन उभें केलें त्या साधनावरचें एक अक्षरही शिल्लक नाहीं. पेशवाईंतील कारकून चुकला तर त्याची चूक आज आम्हांस सांपडते. तोच कारकून सहा वर्षांचा असतांना कितीदां चुकला तें कोणासही सांपडावयाचें नाहीं.

आतां या धुळीचा एक विलक्षण प्रवास सांगावयाचा आहे. १७८९ सालीं पाद्री डॉ. अँड्र्यू बेल हा मद्रासजवळ एग्मोर येथील लष्करी अनाथ मुलांच्या शाळेवर व्यवस्थापक झाला. तेथें त्यानें एका मलबारी शाळेंत मुलें वाळूंत बोटानें अक्षरें काढितात हें पाहिलें, आणि आपल्या शाळेंत तीच रीत चालू करण्याचें मनांत आणिलें. त्याच्या हाताखालच्या शिक्षकांस ती पसंत पडेना. तेव्हां त्यानें एका लहान मुलाकडूनच खालच्या वर्गाला शिकविलें, व तें साधलें. मोठ्या मुलानें धाकट्यास शिकवावयाचें ही चालही या देशांत जुनीच होती. या अनुभवाचा वृत्तांत त्यानें १७९७ सालीं लंडनमध्यें छापिला. पुढल्याच वर्षीं जोसेफ लँकॅस्टर यानें लंडनच्या बरो रोडवर गरीब मुलांसाठीं आपली शाळा काढिली. तींतही अगदीं लहान मुलें वाळूंत लिहीत व त्यांहून मोठीं दगडी पाटीवर. वर्गनायकांच्या साह्यानें एका शिक्षकानें शेंकडों मुलें शिकविण्याची ही युक्ति स्वस्त होती, म्हणून ती इंग्लंडांत फोंफावली. मूळ कल्पना कोणाची, यावर बेल व लँकॅस्टर यांच्या अनुयायांत कडाक्याचें भांडण झालें. त्या भांडणांत मलबारी पंतोजीची बाजू घेणारा कोणीच नव्हता.

आणि तीच पद्धत आगबोटी सुरू होण्याच्याही आधीं शिडाच्या जहाजांतून मुंबईस परत आली. १८२२ सालीं मुंबईंत शाळा व शाळापुस्तकें यांसाठीं स्वतंत्र मंडळी स्थापन झाली. तीच पुढें नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नांवानें प्रसिद्धीस आली. तिनें नेमिलेल्या समितीनें देशी शाळांची स्थिति पाहून चार उणिवा दाखविल्या : पुस्तकांची, सोप्या व परिणामकारक पद्धतीची, लायक शिक्षकांची, आणि पैशाची. उपाय म्हणून लँकॅस्टरची पद्धत सुचविली. चिटणीस कॅप्टन जॉर्ज जार्विस यांनीं शास्त्रीमंडळींच्या साह्यानें मराठी पुस्तकें तयार करविलीं, आणि १८२६ सालीं नव्या पद्धतींत तयार केलेले शिक्षक जिल्ह्यांतून रवाना झाले. मुलांनीं मुलांस शिकविण्याची आमचीच रीत अशी इंग्रजी शिक्का घेऊन, सुधारणा म्हणून आमच्याच घरीं आली. समितीनें दिलेल्या चार उणिवांचा क्रम वाचकांनीं लक्षांत ठेवावा. त्यांत साधन पहिलें आहे व शिक्षक तिसरा. हा क्रम पुढील दोनशें वर्षांत फारसा बदललेला आम्हांस दिसत नाहीं.

या नव्या शाळांबरोबर दगडी पाटी आली. तेव्हां दगडी पाटी ही देशी, जुनी व टॅब तेवढा परका, हा दुसऱ्या पक्षाचा समज येथेंच ढळतो. धूळपाटी देशी होती. दगडी पाटी ही लाकडी चौकट बसविलेली, एका परक्या शाळापद्धतीची वस्तु होती. परंतु ती इतकी लौकर आपली झाली कीं दसऱ्याच्या पाटीपूजनांत एकाच्या आंकड्यांनीं काढिलेली सरस्वती तिच्यावरच अवतरली, आणि 'कोरी पाटी' हा वाक्प्रचार रोजच्या बोलण्यांत रुळला. याचें कारण पाहूं गेल्यास तें साधें आहे. धूळ शाळेंत राही. पाटी मुलाबरोबर घरीं जाई. ती सांडत नसे, वाऱ्यानें उडत नसे, आणि तिच्या चौकटीवर नांव कोरतां येई. गरीब घरांतील मुलाची ती पहिली स्वतःची मालमत्ता होय. पुढें पत्र्याची पाटी आली, चौकटींत मणी ओवलेली पाटी आली. पण व्यवहार तोच राहिला : लिहावें, गुरुजींस दाखवावें, ओल्या फडक्यानें किंवा फडकें नसल्यास थुंकीनें पुसावें, पुन्हां लिहावें. थुंकी लावूं नये म्हणून कित्येक पिढ्यांतील गुरुजींनीं जो दम दिला त्याचा इतिहास कोणीं लिहिलेला नाहीं, आणि त्याचा उपयोगही झालेला दिसत नाहीं.

पाटीची एक किंमत मात्र शाळेच्या बाहेर कोणी मोजीत नव्हतें. मध्य प्रदेशांतील मंदसोर येथें पाटीवरची दगडी पेन्सिल कापण्याचे कारखाने होते. दगड कापतांना उडणारी बारीक धूळ कामगारांच्या फुप्फुसांत जाई. १९८५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय पाहणींत तपासलेल्या कामगारांपैकीं निम्म्याहून अधिकांस सिलिकोसिस हा असाध्य रोग जडलेला आढळला. धूळपाटीची धूळ मुलाच्या बोटाला लागे. दगडी पाटीची धूळ दूर कोठें तरी दुसऱ्याच्या छातींत बसे. टॅबच्या बॅटरींत जो कोबाल्ट धातु लागतो तो बहुतांशीं आफ्रिकेंतील काँगो देशांतून येतो, आणि तेथील कित्येक खाणींत लहान मुलें राबतात. स्वस्त साधन म्हणजे ज्याचा खर्च नजरेआड झाला आहे असें साधन, ही गोष्ट इतिहासकारानें तरी विसरूं नये.

पाटी मुलाची मालमत्ता झाली असें आम्हीं वर म्हटलें. पण प्रत्येक मुलाची नव्हे. १८५६ सालीं धारवाड येथील एका महार मुलानें सरकारी शाळेंत प्रवेश मागितला आणि तो नाकारण्यांत आला. धारवाड त्या वेळीं मुंबई इलाख्यांत होतें. त्याच्या आठ वर्षें आधीं, १८४८ सालीं, पुण्यांत भिड्यांच्या वाड्यांत जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं मुलींची शाळा काढिली होती, आणि त्यासाठीं त्यांना काय सोसावें लागलें तें सर्वश्रुत आहे. पुढें कायद्यानें दार उघडलें तरी मुलास ओटीवर अथवा दाराबाहेर वेगळें बसविणें, आणि त्याची पाटी हातांत न घेतां दुरूनच पाहून बरोबर कीं चूक तें सांगणें, ही चाल विसाव्या शतकांतही कित्येक शाळांतून होती. पाटीच्या इतिहासांत आम्हांस यासारखी बोलकी गोष्ट दुसरी दिसत नाहीं. दगड तोच, पेन्सिल तीच, अक्षरही तेंच. पण एका मुलाच्या अक्षरावर गुरुजींचा हात फिरे आणि दुसऱ्याच्या अक्षरावर फिरत नसे.

मधल्या काळाविषयीं थोडक्यांत लिहितों. फळा व खडू हीं साधनें इतकीं साधीं कीं तीं सर्वत्र असतीलच असें कोणासही वाटावें. तरी १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षणधोरणानंतर १९८७ सालीं सरकारला 'खडू-फळा मोहीम' काढावी लागली. प्रत्येक प्राथमिक शाळेस निदान दोन खोल्या, दोन शिक्षक व आवश्यक साहित्य असावें हा तिचा उद्देश. तत्पूर्वीं, १९७५-७६ सालीं, अमेरिकन उपग्रहाच्या साह्यानें सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरदर्शनचे शैक्षणिक कार्यक्रम दाखविण्यांत आले. त्यांत महाराष्ट्र नव्हता. महाराष्ट्रानें १९८४ सालीं पुण्यास 'बालचित्रवाणी' ही संस्था स्थापून प्राथमिक शाळांसाठीं मराठींत कार्यक्रम तयार करण्यास आरंभ केला. ती २०१७ सालीं बंद करण्यांत आली. तिच्या हयातींत साधनें तीनदां बदललीं, आणि जें साधन तिच्या हातीं होतें तेंच जुनें ठरलें.

टॅबची कल्पना मुळांत मुलांसाठींच निघाली, ही गोष्ट आज बहुतेकांस ठाऊक नसते. ॲलन के या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९७२ सालीं एक निबंध लिहून 'डायनाबुक' नांवाच्या यंत्राचें वर्णन केलें. वहीएवढें, हातांत धरण्याजोगें, सर्व वयांच्या मुलांसाठीं. यंत्र झालें नाहीं, कल्पना राहिली. पुढें २००५ सालीं निकोलस नेग्रोपॉन्टी यांनीं शंभर डॉलरांत दर मुलास एक संगणक देण्याची योजना जगापुढें मांडिली. किंमत शेवटपर्यंत शंभरावर आली नाहीं. ती दोनशेंच्या आसपास राहिली. भारत सरकारच्या शिक्षणखात्यानें २००६ सालीं ही योजना नाकारिली, आणि वर्गखोल्या व शिक्षक यांची गरज याहून निकडीची आहे असें कारण दिलें. तरीही २००७ सालीं तिचा भारतांतील पहिला प्रयोग झाला तो रायगड जिल्ह्यांत, कर्जतजवळच्या खैरात या लहानशा वस्तीवरील एकशिक्षकी शाळेंत. मुलें होतीं वीस-बावीस. त्या हिरव्या-पांढऱ्या यंत्राचा पडदा उलटा फिरवून मिटला म्हणजे त्याची पाटी होत असे.

या योजनेचा सर्वांत मोठा प्रयोग पेरू देशांत झाला. तेथील ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळांची पाहणी करून २०१२ सालीं जो अहवाल प्रसिद्ध झाला त्यांत असें दिसलें कीं यंत्रें मुलांच्या हातीं पुष्कळ पडलीं, तीं वापरलींही गेलीं. परंतु भाषा व गणित या विषयांतील प्रगतीवर त्यांचा परिणाम आढळला नाहीं. याच्या उलट, दिल्लींत शाळेबाहेरील केंद्रांत संगणकावर दर मुलाला त्याच्या इयत्तेप्रमाणें नव्हे तर त्याच्या तयारीप्रमाणें धडे देण्यांत आले, आणि साडेचार महिन्यांत गणित व हिंदी या दोहोंत स्पष्ट प्रगति दिसली. तो अभ्यास २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. हे दोन अनुभव परस्परविरोधी आहेत असें आम्ही मानीत नाहीं. एकींत यंत्र वाटलें गेलें. दुसरींत कोणत्या मुलाला काय येत नाहीं याचा आधीं शोध घेतला गेला. जुना पंतोजी, त्याच्या छडीसकट, हें दुसरें काम करीत असे. धूळपाटीच्या शाळेंत इयत्ता नव्हत्या. ज्याला जें आलें नाहीं तें तो पुन्हां गिरवी.

महाराष्ट्रांत टॅब आला तो दोन वाटांनीं. एक वाट वरून खालीं. केंद्र सरकारनें ऑक्टोबर २०११ मध्यें 'आकाश' नांवाचा स्वस्त टॅब काढिला. तो मुख्यत्वें महाविद्यालयांसाठीं होता आणि त्याची मातब्बरी फार काळ टिकली नाहीं. २०१५ सालीं मुंबई महानगरपालिकेनें आठवीच्या विद्यार्थ्यांस टॅब दिले. पाठीवरचें ओझें कमी व्हावें हा त्यांतील एक हेतु. दुसरी वाट खालून वर. ठाणें जिल्ह्यांतील शहापूर तालुक्यांत पाष्टेपाडा येथील जिल्हा परिषदेची शाळा 'डिजिटल शाळा' म्हणून गाजूं लागली, आणि ती पाहून अनेक गांवांनीं लोकवर्गणी काढून टॅब, पडदे व प्रक्षेपक घेतले. २२ जून २०१५ च्या शासननिर्णयानें 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम सुरू झाल्यावर या लाटेला जोर आला. सोलापूर जिल्ह्यांतील माढा तालुक्यांत परितेवाडी येथील शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले यांनीं पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर संकेत छापून तें पान मोबाईलशीं जोडिलें. ही कल्पना पुढें बालभारतीच्या पुस्तकांत आली, आणि २०२० सालीं त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. येथें आमच्या दृष्टीनें ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं संकेत छापला गेला तो कागदाच्या पुस्तकावर. जुनें साधन न टाकतां नवें त्यावर बसविलें गेलें.

मूठ दोन मुठी धान्यावर चालणाऱ्या शाळेची आठवण या लोकवर्गणीनें होते, आणि तींत आनंदाबरोबर काळजीही आहे. वर्गणीनें टॅब घेतां येतो. त्याला रोज लागणारी वीज वर्गणीनें पुरविणें निराळें. देयक थकल्यामुळें जिल्हा परिषदेच्या शाळांची वीज तोडल्याच्या बातम्या आपण वाचीत आलों आहों. धुळीला व दगडाला हा चट्टा नव्हता.

मग मार्च २०२० मध्यें कोरोनाच्या साथीनें शाळा बंद झाल्या. राज्यांतील पहिली ते चौथीचे वर्ग पुन्हां उघडले ते डिसेंबर २०२१ मध्यें. जवळजवळ वीस महिने मोबाईल हीच शाळा होती. 'असर' या पाहणीप्रमाणें देशांतील ग्रामीण विद्यार्थ्यांपैकीं घरीं स्मार्टफोन असलेल्यांचें प्रमाण २०१८ सालीं शेंकडा ३६.५ होतें, तें २०२१ सालीं ६७.६ झालें. तीन वर्षांत एखादें शिक्षणसाधन इतक्या घरांत पोंचल्याचें दुसरें उदाहरण आम्हांस आठवत नाहीं. दगडी पाटीला त्यासाठीं पिढ्या लागल्या. परंतु त्याच पाहणींत असेंही आढळलें कीं ज्यांच्या घरीं फोन होता त्यांपैकीं सुमारें एकचतुर्थांश मुलांना तो वापरावयास मिळतच नव्हता. फोन बापाबरोबर कामावर जाई. एका फोनवर तीन भावंडें असत, आणि तो प्रथम कोणाच्या हातीं जाई हें सांगावयास नको. ओटीवर बसविलेल्या मुलाची पाटी निदान त्याची स्वतःची तरी होती.

या काळांत सोलापूरच्या नीलमनगर भागांतील एका मराठी शाळेच्या शिक्षकांनीं कामगारवस्तींतील घरांच्या भिंतींवर धडे रंगविले. मुलांनीं अंतर राखून गल्लींत उभें राहावें आणि भिंत वाचावी. पालघर जिल्ह्यांतील कांहीं पाड्यांत ध्वनिक्षेपकावरून धडे ऐकविले गेले. म्हणजे सर्वांत नवें साधन जेथें पोंचलें नाहीं तेथें शिक्षकानें भिंतीची पाटी केली आणि परवचा पुन्हां चव्हाट्यावर आणिला. आम्ही याला मागें जाणें म्हणत नाहीं.

आतां पहिल्या पक्षाकडे वळूं. टॅब अभूतपूर्व आहे काय? बोटानें लिहिणें यांत नवें कांहीं नाहीं. दोनशें वर्षें पेन्सिलीनें जें बोट दूर सारलें होतें तें पुन्हां पाटीवर आलें, एवढेंच. फरक असेल तर तो घर्षणाचा : धुळींत बोट रुततें आणि वळण हाताला कळतें, कांचेवर तें घसरतें. मुलानें मुलास शिकवावें हेंही जुनें. एका टॅबभोंवतीं चार मुलें बसविलीं तर तें आपोआप घडतें, आणि दर मुलास स्वतंत्र टॅब दिला तर तें मोडतें. पण एक गोष्ट खरोखरीच पूर्वीं नव्हती. धूळपाटी विसरत असे. दगडी पाटीही विसरत असे. मुलाची चूक फडक्याबरोबर नाहींशी होई आणि तिची आठवण फार तर गुरुजींस राही, जे त्याच गांवांत राहत. टॅब विसरत नाहीं. सहा वर्षांच्या मुलानें कोणतें अक्षर किती वेळां चुकविलें, कोठें किती वेळ थांबलें, हें तो लिहून ठेवूं शकतो. आणि तें लेखन गांवांत राहत नाहीं, शाळेंतही राहत नाहीं, तें ज्याचें यंत्र किंवा ज्याचा कार्यक्रम असेल त्याच्या दूरच्या दप्तरांत जाऊं शकतें. २०२३ च्या वैयक्तिक विदासंरक्षणाच्या कायद्यानें अठरा वर्षांखालील मुलाची माहिती वापरण्यास पालकांची पडताळतां येण्याजोगी संमति आवश्यक केली आहे. ज्या पालकास स्वतःला वाचतां येत नाहीं त्याची संमति म्हणजे काय, हा प्रश्न मोकळाच आहे. पेशवे दप्तरांतील कारकुनाच्या बालपणच्या चुका आम्हांस सांपडत नाहींत म्हणून वर आम्हीं खेद केला. त्या कारकुनाला विचारलें असतें तर त्याला तो खेद वाटला नसता.

आणि आतां ती वीस मुलांची गोष्ट. २०२३ सालीं राज्याच्या शिक्षणखात्यानें वीसपेक्षां कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याविषयीं परिपत्रक काढिलें. अशा शाळा राज्यांत सुमारें १५ हजार असल्याचें तेव्हां सांगण्यांत आलें. त्यांतील पुष्कळ डोंगराळ व आदिवासी भागांत आहेत. लहान शाळा परवडत नाहीं, तेथें चांगलें शिक्षण होऊं शकत नाहीं, असा यामागील विचार. १८२९ च्या गणतींतील सरासरी शाळेंत वीसच मुलें होतीं, हें आम्हीं वर दाखविलें आहे. ती शाळा चांगली होती असें आम्ही म्हणत नाहीं. पण ती गांवांत होती, आणि लहान होती म्हणून निकामी नव्हती. पाड्यावरची शाळा उठवावयाची आणि तिच्या जागीं मुलांस टॅब द्यावा, असा सौदा उद्यां कोणीं पुढें केला तर तो करण्याआधीं खैरात व पेरू येथील कागद वाचावे. तेथें यंत्र होतें आणि शाळाही होती.

या विषयाचीं साधनें फार वेगानें नष्ट होत आहेत. लाकडी धूळपाट्या अडगळींत गेल्या, मण्यांच्या पाट्या मोडींत गेल्या, आणि दहा वर्षांपूर्वींचे टॅब शाळांच्या कपाटांत बॅटरी फुगून पडले आहेत. ते चालू होत नाहींत म्हणून त्यांतील धडे कसे होते तेंही कांहीं वर्षांनीं कोणास सांगतां येणार नाहीं. ज्या शाळांपाशीं किंवा व्यक्तींपाशीं जुन्या पाट्या, पंतोजींच्या हातचे कित्ते, शाळेचीं लॉगबुकें, साधनांच्या साठानोंदवह्या, टॅबखरेदीच्या वर्गणीच्या याद्या अथवा २०२०-२१ सालीं भिंतींवर रंगविलेल्या धड्यांचीं छायाचित्रें असतील त्यांनीं तीं मंडळाच्या दप्तरखान्यांत ठेवावयास द्यावीं; नकला करून मूळ वस्तु परत केल्या जातील. टॅब पाठवितांना त्याची बॅटरी जाणत्या माणसाकडून काढून घ्यावी. त्याच्या मागील बाजूस शाळेचें किंवा देणगीदाराचें नांव रंगानें लिहिलेलें असल्यास तें पुसूं नये.